वरच्या मजल्यावरचा वॅक्या

एमबीएला आलेला मुलगा दुसऱ्या वर्षी कोणतं स्पेशलायझेशन घेणार, हे त्याच्या कॉलेजच्या आधी त्याच्या घरमालकाला कळतं. कोथरूडच्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांना द्यायला लागलो. जिना चढून आलेलं पोरगं पहिलं वाक्य काय बोलतं, एवढ्यावरून मी हिला हळूच सांगून टाकतो. "काका, व्ह्यू काय मस्त आहे!" असं समोरच्या इमारतीच्या ड्रेनेजच्या पाइपांकडे बघून म्हणणारा मार्केटिंगचा. "तुम्ही दोघंच असता का घरी? करमतं का?" असं हिला विचारून डोळ्यांत पाणी आणणारा एचआरचा. पाणी किती वाजता येतं, मोटर किती हॉर्सपॉवरची, टाकी भरली की बंद कोण करतं, हे टिपून घेणारा ऑपरेशन्सचा. आणि जो खोली बघतच नाही, जिन्याच्या वळणावरच थांबून "काका, डिपॉझिटवर व्याज किती?" असं विचारतो, तो फायनान्सचा.

डिपॉझिटवर व्याज द्यायची मला सवय आहे, नाही असं नाही. एका राष्ट्रीयकृत बँकेत उभी हयात गेली. पण ते व्याज बँकेच्या खिशातून जात असे.

ज्याच्याबद्दल सांगतो आहे त्याने पुढचा हिशेबही जिन्यातच करून दाखवला. "तिघांचं मिळून ३६,००० डिपॉझिट. एफडीचे सात टक्के धरले तरी वर्षाला २,५२० रुपये तुम्ही आमच्याकडून बिनव्याजी वापरताय. म्हणजे नेट-नेट भाडं महिन्याला १२,००० नाही, १२,२१० आहे." हिशेब बरोबर होता. माझ्या हाताखाली असा क्लार्क असता तर मी त्याला टॅलीला बसवला असता. मी म्हटलं, "मग २१० रुपयांनी महाग वाटत असेल तर शेजारी बघ." त्याने बॅग वर नेली. शेजारच्यांचं भाडं तो आधीच विचारून आला होता.

मित्र त्याला वॅक्या म्हणत. खरं नाव भाडेकरारावर आणि पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर आहे, बाकी ते कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही. पहिल्याच सेमिस्टरला वेटेड ॲव्हरेज कॉस्ट ऑफ कॅपिटल, म्हणजे वॅक, नावाची गोष्ट शिकवली आणि हा तिच्या प्रेमात पडला. कंपनीचा पैसा दोन ठिकाणांहून येतो, कर्जदात्यांकडून आणि भागधारकांकडून. दोघांनाही मोबदला हवा असतो. दोघांच्या अपेक्षांची त्यांच्या त्यांच्या हिश्शाप्रमाणे सरासरी काढली की भांडवलाचा एकूण खर्च निघतो, आणि कंपनीने त्याहून जास्त कमावलं नाही तर तिने दुकान उघडून ठेवण्यात अर्थ नाही. एवढीच गोष्ट. पण ती कळल्यापासून त्याला जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी दराने डिस्काउंट करायची आहे, असं वाटू लागलं.

पहिला वॅक त्याने स्वतःचाच काढला. दोन वर्षांचा एकूण खर्च आठ लाख. त्यात सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी, दोन लाख वडिलांचे. वडिलांच्या पैशापुढे त्याने शून्य टक्के लिहिलं होतं. उत्तर आलं ७.८८.

"हे शून्य कसं?" मी विचारलं.

"बाबा थोडेच व्याज घेणारेत, काका?"

फायनान्सच्या पोरांची ही पहिली परीक्षा असते आणि बहुतेक त्यात नापास होतात. ज्या पैशाला हप्ता नाही तो यांना फुकटचा वाटतो. खरं तर त्यांच्याच पुस्तकात उलटं लिहिलेलं असतं. कर्ज देणारा व्याज घेऊन गप्प बसतो, पण ज्याने मालकीचा पैसा घातला त्याची जोखीम मोठी, म्हणून अपेक्षाही मोठी. मी त्याला म्हटलं, "बँक तुला फोन करून जेवलास का विचारते का? नोकरी कधी लागणार, लग्नाचं काय, मावसभावाने फ्लॅट घेतला, हे बँक ऐकवते का? नाही ना? मग बाबांच्या पैशाचा दर साडेदहापेक्षा जास्तच असणार. पंधरा धर." त्याने पंधरा टाकले. वॅक ११.६३ झाला. त्या रात्री त्याने सांगलीला घरी फोन केला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बोलला, असं त्याच्या खोलीतल्या मार्केटिंगवाल्याने मला सांगितलं.

फायनान्सला नक्की कोण जातं, याचंही एक गणित आहे. बी.कॉम. झालेले जातात, कारण त्यांना डेबिट-क्रेडिट येतं. सीए इंटरच्या दुसऱ्या ग्रुपने ज्यांचा घात केला ते जातात, कारण त्यांना डेबिट-क्रेडिट नको इतकं येतं. आणि सगळ्यात मोठा लोंढा इंजिनिअरांचा. वॅक्या मेकॅनिकलचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात वर्षभर नाइट शिफ्ट करून, सीईटी देऊन, पर्सेंटाइलच्या जोरावर तो पुण्यात शिरला होता. इंजिनिअरला बेरीज-वजाबाकीची भीती नसते, आणि ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळलाच पाहिजे याचं दडपणही नसतं. आमच्या वेळी डे-बुकात एका रुपयाचा फरक आला तर अख्खी शाखा रात्री दहापर्यंत व्हाउचरं उलटत बसायची. वॅक्याच्या एक्सेलमध्ये ताळेबंद जुळला नाही की तो "बॅलन्सिंग फिगर" अशी एक ओळ घालून मोकळा व्हायचा. "मटेरियल नाही, काका." सतरा लाखांचा फरक होता.

त्याच्या टेबलावर प्रसन्न चंद्रांचं जाडजूड फायनान्शियल मॅनेजमेंट असायचं. बाजूला आय. एम. पांडे, खाली हल यांचं डेरिव्हेटिव्हजचं पुस्तक, त्याच्यावर मॅगीचं पातेलं. भिंतीवर देवाच्या जागी अश्वथ दामोदरन. न्यूयॉर्कचे हे प्राध्यापक व्हॅल्युएशनवरची आपली सगळी व्याख्यानं फुकट उपलब्ध करून देतात, हे ऐकून हिच्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर निर्माण झाला. फुकट शिकवणारा माणूस फायनान्सचा असू शकतो, हे तिला नवीन होतं. शिवाय एक टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा काळा कॅल्क्युलेटर. सीएफएच्या परीक्षेला तो चालतो म्हणून घेतलेला. सीएफएच्या तीन लेव्हलांपैकी पहिलीचा फॉर्म भरण्याचा विचार त्याने आमच्याकडे राहिला तोवर सतत केला. फॉर्मची फी डॉलरमध्ये असते आणि डॉलर कधी ना कधी खाली येईल, असा त्याचा अंदाज होता.

कॉलेजात वर्किंग कॅपिटल सुरू झालं तो महिना आमच्या गल्लीला फार जड गेला. माल पडून राहतो ते दिवस, अधिक उधारी वसूल व्हायला लागतात ते दिवस, वजा आपण दुसऱ्याचे पैसे थकवतो ते दिवस. ही संख्या जितकी लहान तितका धंदा हुशार. वॅक्याने हे धंद्यासाठी राखून ठेवलं नाही. मेसवाल्या काकूंचे पैसे आगाऊ असतात. याने जाऊन त्यांना "पेएबल डेज पंचेचाळीस करूया" असं सुचवलं. काकूंनी पंचेचाळीस दिवस पोळीवर तूप बंद केलं. टपरीवर त्याने महिनाअखेरीचं खातं उघडलं. उलट मित्रांकडून येणं असेल तर ते त्याच मिनिटाला. मिसळ खाऊन चौघं हॉटेलच्या बाहेर पडले की पायऱ्यांवरच त्याचे यूपीआयचे मेसेज जात. एकदा एकाकडून सात रुपये यायचे होते, जास्तीच्या पावाचे. तर्री फुकट असते म्हणून ती वाटणीत धरली नव्हती, पण तर्री कोणी किती घेतली याची नोंद मात्र होती.

घरभाडं तो बरोबर पाच तारखेला द्यायचा. करारात पाच तारीख होती. चार तारखेला रात्री मी जिन्यात भेटलो आणि "देतोस का आत्ता?" म्हटलं, तर म्हणाला, "काका, टाइम व्हॅल्यू ऑफ मनी." बारा हजारांचं एका रात्रीचं व्याज सव्वादोन-अडीच रुपये होतं. तो ते सोडायला तयार नव्हता आणि मीही मागे हटायला तयार नव्हतो, म्हणून आम्ही दोघं जिन्यात उभे राहून दिवे जाळत होतो. विजेचं बिल भाड्यात धरलेलं आहे.

या विषयाचा खरा जीव "असं गृहीत धरू" या तीन शब्दांत आहे. मोदिग्लियानी आणि मिलर या दोघांनी १९५८ साली सिद्ध केलं की कंपनी कर्ज काढून चालवा नाहीतर भांडवल घालून चालवा, तिच्या किमतीत फरक पडत नाही. फक्त गृहीत एवढंच धरायचं की कर नाहीत, व्यवहाराला खर्च नाही, दिवाळं निघत नाही आणि सगळ्यांना सगळी माहिती आहे. मी वॅक्याला विचारलं, "असं ठिकाण कुठे आहे?" तो म्हणाला, "ऑन पेपर." ब्लॅक आणि शोल्स यांचं ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र १९७३चं. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघंही तेव्हा लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाच्या फंडात भागीदार होते, आणि दुसऱ्याच वर्षी तो फंड इतका बुडाला की अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बँकांना मिळून ३.६ अब्ज डॉलर ओतून तो सावरावा लागला. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "पण काका, नोबेल परत नाही घेतलं ना?"

एका रविवारी सकाळी त्याने आमच्या घराची किंमत काढली.

मी मागितली नव्हती. त्याला दुसऱ्या दिवशी डिस्काउंटेड कॅश फ्लोवर प्रेझेंटेशन होतं आणि कंपनीचे आकडे मिळाले नव्हते. लॅपटॉप घेऊन तो खाली आला. ही पोहे करत होती. "काकू, वरच्या दोन खोल्यांची इन्ट्रिन्सिक व्हॅल्यू काढतो." वर्षाचं भाडं १,४४,०००. पुढे ते दरवर्षी वाढत जाणार आणि कायम येत राहणार. डिस्काउंट रेटमधून वाढीचा दर वजा करायचा आणि वार्षिक भाड्याला त्याने भागायचं. डिस्काउंट रेट दहा टक्के, वाढ पाच टक्के. "२८ लाख ८० हजार," तो म्हणाला.

हिने झारा खाली ठेवला. "एजंट तर वरच्या मजल्याचे सत्तर लाख देतो म्हणून गेला!"

"ती मार्केट प्राइस झाली, काकू. मार्केट चुकतं."

"सत्तर लाखांनी चुकतं?"

"एक्केचाळीस लाखांनी," त्याने दुरुस्ती केली. पण पोहे अजून कढईतच होते, हेही त्याच्या लक्षात आलं असावं. "बघा, ग्रोथ थोडी कमी धरली असेल मी. सहा करू." ३६ लाख झाले. सात केल्यावर ४८. आठ केल्यावर ७२.

"आता कसं बरोबर आलं!" ही म्हणाली आणि डिश भरायला घेतली. "अजून एक वाढव बघू."

नऊ टक्क्यांना एक कोटी ४४ लाख झाले. एवढ्या रकमेची सही माझ्या हातून बँकेतसुद्धा क्वचितच झाली असेल. हिने पोह्यांवर ओलं खोबरं घातलं, जे एरवी पाहुण्यांना घालतात. मग म्हणाली, "अजून एक."

त्याने दहा टाकलं. स्क्रीनवर आकडा यायच्या जागी एक चौकटीतलं चिन्ह आलं.

"हे काय?"

"शून्याने भागाकार झाला, काकू. वाढीचा दर डिस्काउंट रेटइतका झाला की व्हॅल्यू अनंत होते. म्हणजे मॉडेल बंद पडतं. पण असं प्रत्यक्षात होत नाही. कुठलंच उत्पन्न कायमचं दहा टक्क्यांनी वाढू शकत नाही, नाहीतर एक दिवस ते अख्ख्या देशाच्या जीडीपीपेक्षा मोठं होईल."

मी उठून कपाटातून भाडेकरार आणला. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स. कलम वाचून दाखवलं. नूतनीकरणाच्या वेळी भाड्यात दहा टक्के वाढ. खाली वॅक्याची सही आणि अंगठ्याचा ठसा.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने जे केलं त्यावरून पोरगं शिकलंय हे मला मान्य करावं लागलं. म्हणाला, "काका, म्हणजे हा करार मॅथेमॅटिकली टिकणारा नाही. पाच टक्क्यांवर सेटल करूया." सहावर झालं. पोहे त्याने दोनदा घेतले.

शेअर बाजाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तोही थोडक्यात आटपला. तिसऱ्या सेमिस्टरला डेरिव्हेटिव्हज आलं आणि वरच्या खोलीत सकाळी सव्वानऊला शांतता पसरू लागली. साडेतीनला मग एकतर ओरडा ऐकू यायचा, नाहीतर ती शांतता पुढे चालू राहायची. मी पेपरातलं कात्रण जिन्यात चिकटवलं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास होता. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. वॅक्याने ते दोनदा वाचलं. "काका, त्या ९३ टक्क्यांना ग्रीक्स येत नाहीत." ग्रीक्स म्हणजे डेल्टा, गॅमा, थीटा. ऑप्शनची किंमत कशाने किती हलते ते मोजायची मापं. महिन्याभराने एका एक्स्पायरीला त्याचं मेसचं पुढच्या दोन महिन्यांचं बजेट थीटाने खाल्लं. त्यानंतर तो हिच्याकडे सकाळी चहाला आणि त्याबरोबर जे असेल त्याला येऊ लागला. विचारलं तर म्हणायचा, "संक कॉस्ट आहे, काकू. गेलेल्या पैशाचा विचार करून पुढचे निर्णय घ्यायचे नसतात." आणि पोळीचा निर्णय घ्यायचा.

याच काळात एचआरची एक मुलगी गेटपर्यंत यायला लागली. ती शांत, हा उतावीळ. ती बोलायची, हा मोजायचा. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यानेच खुलासा केला. दोन गुंतवणुकी एकाच वेळी वर-खाली होत नसतील तर दोन्ही मिळून जोखीम कमी होते, हे मार्कोवित्झने १९५२ सालीच दाखवून दिलंय म्हणे. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. गेटचं ग्रीसिंग मात्र त्याने स्वतः केलं, कुरकुरतं म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला प्रोजेक्ट त्याने सांगलीकडच्या एका पंपाच्या कारखान्यात केला. विषय वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट. महाराष्ट्रात दरवर्षी फायनान्सची हजारो पोरं याच विषयावर प्रोजेक्ट करतात, आणि सगळ्यांचा निष्कर्ष एकच असतो: करंट रेशो आदर्श दोनास एक या प्रमाणाच्या जवळ असून कंपनीची तरलता समाधानकारक आहे. अप्पा बळवंत चौकातून सोनेरी अक्षरांत बांधून आणलेली प्रत त्याने मला कौतुकाने वाचायला दिली. मी बँकेचा माणूस. कॅश क्रेडिटची स्टॉक स्टेटमेंटं तपासण्यात डोळे गेले, त्यामुळे पानं मागून पुढे चाळायची सवय आहे. मध्येच एका पानावर वाचलं, की पंपांचा गळीत हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने त्या काळात कंपनीला खेळत्या भांडवलाची गरज वाढते. पुढच्या परिच्छेदात पंप वेळेवर न तोडल्यास त्यातील उतारा कमी होतो, असंही होतं.

मूळ रिपोर्ट एका सीनिअरचा, साखर कारखान्यावरचा होता. याने फाइंड-रिप्लेस मारून ऊस काढला आणि पंप घातला होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट वजन करून बाजूला ठेवला आणि करंट रेशो किती, एवढंच विचारलं. त्याला चांगले मार्क पडले.

मग एकदा त्याचे वडील आले. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं छोटं दुकान. हिच्यासाठी घरची हळद आणि तासगावचे बेदाणे घेऊन आले होते. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "साहेब, आमचं पोरगं काय बोलतंय ते कळतंय का तुमास्नी? फोनवर मला म्हणतंय, बाबा तुमचा इन्व्हेंटरी टर्नओव्हर वाईट हाय."

"बरोबर आहे काका," वॅक्या माझ्याकडे वळून म्हणाला. आता साक्षीदार मी होतो. "पाचशे पोती दोन वर्षं पडून आहेत. त्याच्यात अडकलेल्या पैशाचा खर्च धरला तर..."

"भाव पडलाय, इकू कुणाला?" वडील म्हणाले. "हळद काय पालेभाजी हाय व्हय? ऱ्हाती. माझा बा हरिपुरात पेवात ठेवायचा. चार-चार वरसं."

हरिपूरची पेवं मी सांगलीला बदलीवर असताना पाहिली आहेत. जमिनीत खोल खणलेले मोठे खड्डे. हळद भरून तोंड लिंपून टाकायचं. आत हवा राहत नाही, कीड लागत नाही. पेवातल्या मालावर आमची शाखा कर्ज द्यायची तेव्हा तारणाची तपासणी म्हणजे एका माणसाने त्या तोंडाशी उभं राहायचं आणि आत आहे यावर विश्वास ठेवायचा.

वॅक्याने लॅपटॉप उघडला. हळदीच्या भावाचे आलेख काढून ठेवले होते. "बाबा, एनसीडीईएक्सवर हळदीचे फ्युचर्स आहेत. आजच विकून ठेवायचे. भाव पडला तर तिकडे फायदा, चढला तर माल आहेच."

"त्ये ठाव हाय मला," वडील शांतपणे म्हणाले. "इकून ठेवलं आन भाव चढला तर मार्जिनचं पैसं रोज कोण भरणार? माल इकल्यावर पैसं येत्यात. मार्जिन आज सांजच्याला मागत्यात."

वॅक्या गप्प झाला. हेजिंगच्या धड्यात मार्जिन कॉल असतो, पण तो भरायला रोकड कुठून आणायची हे नसतं. थोड्या वेळाने त्याने दुसरी बाजू पकडली. "आणि जोखीम किती आहे ते तर बघा. पेवात काय, गोडाऊनमध्ये काय, सगळा माल एका गावात. पुरासारख्या घटनेला आम्ही टेल रिस्क म्हणतो. म्हणजे शंभर वर्षांत एखादी."

"२००५ला आली," वडील बोटं मोजत म्हणाले. "पेवं बुडाली, माझ्या बाची सगळी हळद गेली. २०१९ला परत आली. टेल न्हाई रं ती, कृष्णा हाय."

हिला हसू आवरेना म्हणून ती बेदाणे डब्यात भरायला आत गेली. जाताना वडिलांनी जिन्यात मला विचारलं, "साहेब, ह्येला नोकरी लागंल न्हवं?" मी म्हटलं, लागेल. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "परवा फोनवर म्हणाला, बाबा तुमच्या पैशाला पंधरा टक्के धरलेत. कशाचं ते?"

कॅम्पसला कंपन्या आल्या. वॅक्याच्या लिंक्डइनवर दोन वर्षं "ॲस्पायरिंग इन्व्हेस्टमेंट बँकर" लिहिलेलं होतं, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींचं चित्र मागे होतं. त्या इमारतींतून कुणी पुण्यात आलं नाही. खराडीच्या बॅक ऑफिसवाले आले, रात्रीच्या शिफ्टमध्ये परदेशी फंडांचे आकडे जुळवायला माणसं हवी होती. जुळवाजुळव म्हटल्यावर हा तिथे टिकणार नाही, हे मला माहीत होतं. एक खाजगी बँक आली आणि तिने याला रिलेशनशिप मॅनेजर केलं. नऊ लाखांचं पॅकेज म्हणून त्याने पेढे आणले, पण पेढा माझ्या तोंडात असतानाच स्वतःच त्याची फोड करून दाखवली. दोन लाख व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट झालं तर. पीएफचा कंपनीचा वाटाही त्यातच. "आणि ग्रॅच्युइटीसुद्धा धरलीय, काका. ती मिळते पाच वर्षांनी. ब्रँचला सगळ्यात जुना माणूस चौदा महिन्यांचा आहे. म्हणजे प्रॉबॅबिलिटी शून्य." नेट-नेट त्याने पॅकेज सहा लाख वीस हजारांवर आणलं. एवढ्या प्रामाणिकपणे स्वतःची किंमत कमी करून सांगणारा दुसरा नोकरदार माझ्या पाहण्यात नाही.

डिपॉझिट परत घेताना त्याने व्याज मागितलं नाही. "कस्टमर ॲक्विझिशन कॉस्ट," म्हणाला. तेव्हा मला अर्थ कळला नाही.

कळला तो मार्चमध्ये. मार्चमध्ये बँकेचा माणूस कुणाच्याही घरी सहज येत नाही. मीही आयुष्यभर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेवी मागत गावभर फिरलो आहे. वॅक्या टाय लावून आला होता. सोफ्यावर बसताना बूट काढायचे की नाही यावर एक क्षण घोटाळला आणि एकदा मला चुकून "सर" म्हणाला. टॅब उघडला.

"काकूंच्या नावाने घेऊया. त्या अजून वयात बसतात. दरवर्षी एक लाख, फक्त दहा वर्षं. विसाव्या वर्षी वीस लाख. गॅरंटीड. दहाचे वीस, काकू! पैसे दुप्पट."

"दुप्पट?" ही पुढे सरकली.

मी डोळे मिटले. पहिला लाख वीस वर्षं अडकणार, शेवटचा अकरा. सरासरी साडेपंधरा वर्षं. बहात्तरला साडेपंधराने भागलं. "साडेचार टक्क्यांच्या आसपास," मी म्हटलं. "माझं सीनिअर सिटिझनचं खातं ८.२ देतंय."

वॅक्याने टॅबवर आयआरआर काढला नाही. त्याला तो पाठ असणार. पण विद्या वाया गेली नव्हती. "काका, ते पाच वर्षांपुरतं. पुढे दर पडले तर? रीइन्व्हेस्टमेंट रिस्क आहे त्यात. शिवाय तुमचं व्याज टॅक्सेबल."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, "आणि वीस वर्षांनी मी अठ्ठ्याऐंशीचा असेन."

"टर्मिनल व्हॅल्यू म्हणतात त्याला, काका," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

ही चहा घेऊन आली. कप त्याच्यापुढे ठेवला. "तुझ्या आईलाही हीच काढून दिली असशील ना रे?"

"नाही. आईला पीपीएफ उघडून दिलंय," तो पटकन बोलून गेला. मग त्याने टाय सैल केला, कप उचलला आणि म्हणाला, "म्हणजे, तिची रिस्क प्रोफाइल वेगळी आहे, काकू."